ब्राउझरचे स्थळ कसे पाहावे

पत्रिका जुळते का, मंगळ कडक की सौम्य, ही चर्चा नंतरची. स्थळ सांगून आले की जुनी जाणती माणसे आधी विचारत, ‘मुलगा करतो काय?’ पोट कशावर चालते हे कळले की माणूस पुढे कसा वागेल याचा अर्धा अंदाज येतो, असा त्यामागचा हिशेब होता. ब्राउझर निवडताना मात्र हा प्रश्न कुणाच्याच तोंडी येत नाही. रूप कसे, म्हणजे डार्क मोड आहे का. चाल कशी, म्हणजे पान झटपट उघडते का. आणि शेजारी काय वापरतात, एवढ्यावर सोयरीक पक्की होते. मग बँक, डॉक्टर, नोकरीचा शोध आणि रात्री दीड वाजता पडलेल्या शंका, असे सगळे आपण त्या फुकट मिळालेल्या जावयासमोर बोलू लागतो. प्रस्तुत मार्गदर्शिकेचे सांगणे एवढेच, की खासगीपणा जपायचा असेल तर गुण मोजत बसू नये, मिळकत विचारावी. हुंडा न मागणाऱ्या स्थळाचीही चौकशी करावी. किंबहुना त्याचीच आधी करावी.

पहिले स्थळ क्रोम. घराणे गूगलचे, म्हणजे तालेवार. पण या घराण्याच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा जाहिरातींतून येतो, आणि कुणाला कोणती जाहिरात दाखवावी हे ठरवायचे तर कोण कुठे फिरतो हे ठाऊक असावे लागते. ही पाळत बरीच वर्षे ज्या कुकींवरून ठेवली गेली, त्या आपण उघडलेल्या साइटच्या नसतात. पानाच्या कोपऱ्यात बसलेली तिसरीच कंपनी त्या ठेवते, आणि बातम्यांच्या पानावर पाहिलेले गिऱ्हाईक चपलांच्या दुकानात बरोबर ओळखते. सफारीने मार्च २०२० मध्ये या कुकी सरसकट अडवल्या. क्रोमनेही त्याच वर्षी जानेवारीत, दोन वर्षांत त्या बंद करू, असा शब्द दिला होता. मग मुहूर्त पुढे गेला, पुन्हा पुढे गेला, आणि जुलै २०२४ मध्ये ठरलेले लग्नच मोडले. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाच्या हरकतीही आड आल्या होत्या, हे खरे. तरी खाणावळवाल्याने उपासाचा प्रचार करावा ही अपेक्षाच मुळात भाबडी. इन्कॉग्निटो खिडकीचेही तसेच. ती आपला माग घरातल्यांपासून लपवते, साइटपासून नव्हे. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये दावा दाखल झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. नष्ट करायला अब्जावधी नोंदी होत्या, एवढे कळले तरी इन्कॉग्निटोबद्दल पुरेसे कळले.

इथे चाणाक्ष वधूपिता विचारील, की मग निष्कलंक मिळकत आहे कुणाची? प्रश्न रास्त आहे. सफारीत शोधयंत्र म्हणून आपले नाव आधीपासून असावे यासाठी गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २,००० कोटी डॉलर मोजले, हे अमेरिकी न्यायालयातल्या कागदपत्रांतून बाहेर आले. फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतांश भागही गूगलकडूनच येतो. म्हणजे जावई स्वाभिमानी, पण घरखर्च स्वतःच्याच प्रतिस्पर्ध्याकडून. ब्रेव्ह हा ब्राउझर तर खासगीपणाचाच टिळा लावून आला, आणि २०२० मध्ये क्रिप्टोच्या एका बाजाराचा पत्ता टाइप करणाऱ्यांच्या पत्त्याला स्वतःच्या दलालीचा संकेतांक चिकटवताना सापडला. पुढे चूक कबूल करून त्याने ते थांबवले. पण यावरून ‘सगळे सारखेच’ असे म्हणून डोळे मिटणे म्हणजे, सगळीच माणसे खोटे बोलतात म्हणून मुलगी कुणालाही देऊन टाकण्यासारखे आहे. प्रश्न थोडा नेमका करावा: मला अधिक पाहिल्याने याची कमाई वाढते का? सफारी किंवा फायरफॉक्सची मुख्य कमाई शोधाची चौकट कुणाची यावर ठरते, त्यामुळे पाळत अडवणे त्यांना परवडते. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवण्याची सोय सर्वांना आपोआप दिली. गूगलशी बांधलेला असूनही त्याला हे जमले, आणि ते त्याच्या सद्‌गुणापेक्षा त्याच्या हिशेबात बसत होते म्हणून जमले, असे मानणे अधिक सुरक्षित.

आता एक्स्टेन्शन. खरी गंमत इथे आहे. घाबरलेला माणूस ब्राउझरमध्ये एकामागून एक राखणदार बसवतो, आणि प्रत्येक राखणदार दारातच एक परवानगी मागतो: सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे. चोर येऊ नये म्हणून नेमलेल्या माणसाला तिजोरीची किल्ली दिल्याशिवाय तो राखणच करू शकत नाही, अशी ही रचना आहे. २०१६ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीच्या पत्रकारांनी दाखवून दिले, की धोक्याच्या साइट ओळखून देणारे ‘वेब ऑफ ट्रस्ट’ आपल्याच लोकांचा फिरण्याचा इतिहास विकत होते. नावाचा अर्थ विश्वासाचे जाळे. मराठीत जाळे कशासाठी लावतात हे सांगायला नको. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीची एक्स्टेन्शन तर पाठलाग अडवण्याचेच आश्वासन देत, आणि गोळा केलेली माहिती जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली जाई. ते दुकान २०२० मध्ये बंद झाले, २०२४ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करायचे ठरवले. ‘कर नाही त्याला डर कशाला’ म्हणणाऱ्यांनी आयोगाचे आरोप जरूर पाहावेत. विकलेल्या नोंदींतून चोऱ्यादरोडे कळत नव्हते. कळत होता तो माणसांचा धर्म, आजारपण, राजकीय कल आणि पैशाची ओढाताण. यापेक्षाही बोधप्रद कथा ‘ग्रेट सस्पेंडर’ची. न वापरलेले टॅब झोपवणारा हा साधा, गुणी गडी. वापरणारे २० लाखांहून अधिक. २०२० मध्ये मालकाने तो अनोळखी पक्षाला विकला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक ठरवून गूगलला तो काढून टाकावा लागला. गडी तोच, किल्ली तीच, फक्त पगार देणारा बदलला. म्हणून मिळकतीची चौकशी एकदा करून भागत नाही. याउलट जाहिराती अडवणारे युब्लॉक ओरिजिन लिहिणारे रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाहीत. नेमके हेच एक्स्टेन्शन क्रोमच्या नव्या नियमांत बसेना आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने तिथून बाहेर पडले. फायरफॉक्समध्ये ते अजून नांदते आहे.

‘मग सुरक्षा वाढवायचीच नाही का?’ वाढवावी, पण नटून नव्हे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांतले जवळजवळ ८४ टक्के फॉन्ट, प्लगइन, पडद्याचा आकार अशा फुटकळ खुणांवरून एकमेवाद्वितीय निघाले. म्हणजे प्रत्येक खास सेटिंग हे अंगावरचे एक गोंदण. ‘माझा पाठलाग करू नका’ अशी विनंती साइटला पाठवणारी सोय तर साइट बहुधा कानाआडच करत. पण ती विनंती करणारा माणूस त्यामुळे उठून दिसे, म्हणून सफारीने २०१९ मध्ये ती काढूनच टाकली. टॉर ब्राउझर शहाणा, कारण तो आपल्या सगळ्या वापरकर्त्यांना एकाच गणवेशात उभे करतो. पण गणवेशालाही गर्दी लागते. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बॉम्बची धमकी पाठवली. विद्यापीठाच्या वायफायवर त्या वेळी टॉर वापरणारे कोण, एवढे पाहून तपासणारे त्याच्यापर्यंत पोचले.

तेव्हा फायरफॉक्स, त्यात एकच युब्लॉक ओरिजिन, बाकी सेटिंग जशीच्या तशी. आयफोनवाल्याने सफारीतच सुखाने राहावे. गूगलचे मेल वेगळ्या प्रोफाइलमध्ये उघडावे, नाहीतर राखणदार दारात आणि आपण ओट्यावर उभे राहून स्वतःचे नाव पुकारतो आहोत, असे व्हायचे. एवढी सिद्धता झाली की कुकी पुसाव्यात, खिडकी नव्याने उघडावी आणि मुलीसाठी विवाहजुळवणीच्या साइटवर जावे. तिथे जात, उंची, पगार, रक्तगट आणि जन्मवेळ मिनिटासह विचारतात. तारांकित रकाने रिकामे सोडता येत नाहीत.