पुण्याची भाची आणि षष्ठीची भरती

सकाळी दोरीवर कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंची हाक आली.

"ऐकलंस का गं? पुण्याची भाची येतेय रविवारी. म्हणजे येतेय कसली, अलिबागला निघालीय. मला म्हणते, मावशी, तूच स्टँडवर ये, गाडी बदलताना अर्धा तास भेटू. वर विचारते कशी, पनवेलात बघायला आहे तरी काय?"

कपडे राहिले बादलीत. हा प्रश्न पनवेलकराच्या वर्मावर बसतो. निम्म्या महाराष्ट्राने आमचा एसटी स्टँड पाहिलेला असतो आणि पनवेल म्हणजे तेवढंच, असं त्याला मनापासून वाटत असतं.

"तिला म्हणावं, तुमच्या पुण्याला नगरपालिका नव्हती तेव्हा आमच्याकडे होती. १८५२ ची!"

"ते सांगून ती थांबणार आहे का? नगरपालिका बघायला कोण उतरतं?" काकू शेवग्याच्या शेंगा निवडत होत्या. बोलणं मात्र कोयत्यासारखं.

"बरं, मग हे सांगा. तिच्या पणजीच्या पणजीला मुंबईहून पुण्याला जायचं असतं तर अर्ध्या तासात पनवेल सुटलं नसतं. मचव्यात बसायचं, भरती धरून खाडीत शिरायचं, आमच्या धक्क्याला लागायचं. ओहोटीने गाठलं की बसा चिखलात, पुढचं पाणी येईपर्यंत. मग इथून बैलगाडी नाहीतर डोली, आणि समोर बोरघाट. इंग्रजसुद्धा याच वाटेने गेले. राघोबादादांना गादीवर बसवायला निघालेली फौज १७७८ च्या नोव्हेंबरात पनवेललाच उतरली होती."

"आणि जानेवारीत वडगावला नाक मुठीत धरून शरण आली! तो इंग्रज अंमलदार, इष्टुर फाकडा, त्यातलाच ना?"

"त्यातलाच. तो तर वडगावच्या आधीच पडला."

काकूंना हे एकदम आवडलं. पुण्याकडे निघालेल्याने पनवेलला घाई केली की असं होतं, असा काहीतरी अर्थ त्यांनी मनाशी काढलेला दिसला.

"चाकांचं सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी मागच्या आळीत दिवसभर ठकठक चालायची. गाडीची चाकं करायचे."

सासूबाईंची आठवण बरोबर आहे. पनवेलच्या चाकांचा उल्लेख इंग्रजांच्या जुन्या गॅझेटिअरातही सापडतो. घाटावरून माल घेऊन आलेली गाडी परतताना इथल्या चाकांची एक जोडी घेऊन जाई. म्हणजे देशावरची कितीतरी लग्नं, बाजार, पंढरीच्या वाऱ्या पनवेलच्या चाकांवर झाल्या असणार, आणि तिकडच्या लोकांना त्याचा पत्ता नाही!

पुढे १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली, तीही कल्याण-कर्जतकडून. आम्ही राहिलो कोपऱ्यात. रुळाचं तोंड बघायला पनवेलला आणखी शंभरेक वर्षं लागली. डोक्यावरून विमान गेलं म्हणून आम्ही दोघी गप्प झालो. २०२५ च्या नाताळात इथला विमानतळ सुरू झाल्यापासून हे नवीनच, दर थोड्या वेळाने बोलणं तोडावं लागतं.

"हे बघ," विमान गेल्यावर काकू म्हणाल्या, "आता विमानाने येतील आणि तसेच पुढे जातील. पनवेलला कोण थांबणार?"

"म्हणून तर भाचीला थांबवायचं. शिरढोणला न्या, वासुदेव बळवंत फडक्यांच्या गावी. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. तिथून कर्नाळा जवळच आहे, अंगठा वर करून उभा."

"त्या अंगठ्याला येताजाता गाडीतून सगळेच बघतात."

"गाडीतून बघणं वेगळं. खाली अभयारण्यात सकाळी सातला गेलं की पक्षी दिसतात, दहाला गेलं तर सहली दिसतात. संध्याकाळी वडाळे तलावावर फिरवा. वाटेत धूतपापेश्वर सांगा, तिच्या घरातल्या औषधाच्या कपाटात एखादी बाटली निघेलच. १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी सुरू केलेला कारखाना पनवेलचा, हे कुणाला माहीत असतं?"

"आणि बंदर? सगळं बंदराचंच तर सांगत होतीस."

इथे मी जरा अडखळले. खरं सांगायचं तर बंदर बघायला नेलं आणि वेळ चुकली, तर पोरगी विचारेल, बंदर कुठाय? ओहोटीला तिथे काळा चिखल, तिवरं, अडकलेल्या पिशव्या आणि चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या. मलासुद्धा तेव्हा लाज वाटते. पण भरतीला तीच जागा ओळखू येत नाही. पाणी तिवरांच्या कमरेपर्यंत चढतं, कोळीवाड्यातल्या होड्या आपोआप सरळ होतात आणि इथे गलबतं येत होती हे कुणी सांगावं लागत नाही.

"म्हणजे भरती बघून न्यायचं," काकू म्हणाल्या. "रविवारी चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती."

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. हे गणित आमच्याकडे पाढ्यांच्या आधी शिकवतात. खाडीत पाणी आत यायला थोडा उशीर धरायचा, इतकंच.

"तीनला बंदर, मग घरी जिताडा," मी म्हटलं. "पनवेलला येऊन खाडीचा जिताडा न खाता गेली तर—"

"अगं, संकष्टी आहे!"

खरंच की. रविवार असून संकष्टी.

"सोमवारी ठेवा मग. पंचमी, पावणेचारला भरती."

"सोमवारी आमच्याकडे चालत नाही. वालाचं बिरडं करीन. नाहीतर सोमवारी पोपटी लावू. शेंगा आता भरल्यात, भांबुर्डीचा पाला तुझ्या परसातच आहे. मडकं मी देते."

"अंडी घालायची नाहीत त्यात."

"सोमवार आहे म्हटलं ना! अंडी कसली?" काकूंनी शेंगांची टोपली उचलली आणि बोटांवर मोजलं. "मंगळवारी चालतं आमच्याकडे. षष्ठी. सहा पाऊण साडेचार. साडेचारला बंदर, सातला जिताडा. बुधवारी जाईल अलिबागला. कोळणीला आजच सांगून ठेवते, मोठा जिताडा आयत्या वेळी मिळत नाही."

भाचीला अजून फोन केलेला नाही.