काउंटसाहेबांचं वाफाळलेलं प्रकरण

खानदानी मुलानं बिघडायचं कसं, याचे पॅरिसमध्ये ठरलेले रिवाज होते. पत्त्यांत पैसे उडवावेत, एखादी नटी पदरी ठेवावी, फारच अंगात आलं तर पहाटे उठून कुणाशी तरी द्वंद्व खेळावं. काउंट झ्यूल-आल्बेर द दियों द्वंद्वांत चांगलाच नावाजलेला. तिथवर ठीक होतं हो! पण १८८१ साली हा पठ्ठ्या खेळण्यांच्या दुकानात शिरला आणि तिथल्या वाफेच्या चिमुकल्या इंजिनाच्या प्रेमात पडला. बरं, घ्यावं आणि घरी यावं की नाही? छे! ते केलं कुणी, म्हणून कारागिरांचा पत्ता काढत गेला. बूतों आणि त्रेपार्दू, एकमेकांचे मेहुणे, काजळीत हात बरबटलेले. त्यांच्याशी या सरदारपुत्रानं भागीदारी केली. भागीदारी! मालक-नोकर असतं तर एक वेळ चाललं असतं.

थोरले मार्कीसाहेब, म्हणजे काउंटचे वडील, खवळले. पोरगा बंब पेटवण्यात इस्टेट जाळणार, म्हणून कोर्टाची पायरी चढण्यापर्यंत गोष्ट गेली म्हणे. घराण्याला बट्टा लागू नये म्हणून कारखान्याच्या पाटीवर नाव आलं ते ‘त्रेपार्दू आणि कंपनी’. पैसा काउंटचा, पाटी मेहुण्याची! आणि चिरंजीवांचा खट्याळपणा बघा, १८८४ सालच्या वाफेच्या गाडीला लाडाचं नाव मिळालं ‘ला मार्कीझ’. म्हणजे साक्षात मातोश्री. ही मातोश्री तापायला अर्धा-पाऊण तास घ्यायची. बंब पुढे, माणसं पाण्याच्या टाकीवर पाठीला पाठ लावून बसलेली. (२०११ साली ही ‘भंगार’ गाडी अमेरिकेत लिलावात ४६ लाख डॉलरला गेली. मार्कीसाहेब असते तर?)

१८८७ च्या एप्रिलमध्ये शर्यत जाहीर झाली. गाडी आली एकच, यांचीच. बूतों चालवत होता, तोच पहिला आला. याला शर्यत म्हणतात? आमच्याकडे याला रपेट म्हणतात.

मग १८९४. ‘ल पती झुर्नाल’ या वर्तमानपत्रानं पॅरिस ते रुआँ अशी स्पर्धा ठेवली. अर्ज आले १०२! कुणी लंबकावर गाडी चालवणार, कुणी गुरुत्वाकर्षणावर. एवढ्यांतून सुटल्या जेमतेम २१. २२ जुलैला काउंटचं वाफेचं धूड १२६ किलोमीटर धडधडत सगळ्यांत आधी रुआँला पोचलं. टाळ्या झाल्या आणि पहिलं बक्षीस? पेट्रोलवाल्या पानार आणि पेजो यांना वाटून! का, तर काउंटच्या गाडीला कोळसा घालायला वेगळा माणूस लागतो. पाहुण्यानं पहिल्या पंगतीला यावं आणि आचारी बरोबर आणला म्हणून त्याचं पान उचलावं, त्यातली गत. या स्पर्धेचा कर्ताधर्ता होता पिएर जिफार. नाव लक्षात ठेवा.

काउंट शहाणा, वारा ओळखला आणि पेट्रोलकडे वळला. त्रेपार्दू मात्र वाफेचा कट्टर भक्त. रुसून त्याच वर्षी निघून गेला. जाण्याआधी त्यानं मागच्या चाकांसाठी एक झकास आस शोधून ठेवला होता. जगभरचे मेकॅनिक आजही त्याला काय म्हणतात? ‘द दियों अ‍ॅक्सल’! पाटीवर नाव ज्याचं होतं, तो नावानिशी पुसला गेला. ज्याचं लपवलं होतं, ते नाव लोखंडावर कोरलं गेलं. माझं मत विचाराल तर या सगळ्या गोष्टीत खरी दाद मागायला हवी होती ती या मेहुण्यानं.

इकडे बूतोंनं नखाएवढं पेट्रोल इंजिन असं पळवलं, की ते मिनिटाला दीड हजार फेरे घ्यायचं. ते बसवलेली तीनचाकी १८९५ ला आली आणि पॅरिसचे उरलेसुरले भले लोकही वाया गेले. लुई रनोसारखा पोरगासुद्धा १८९८ मध्ये हेच इंजिन बसवून स्वतःची गाडी करून मोकळा! १९०० मध्ये कारखान्यातून बाहेर पडल्या ४०० गाड्या आणि ३,२०० इंजिनं. तेव्हा दुनियेत याहून मोठा मोटारवाला नव्हता. खूळ म्हणायचं की साथ?

आता जिफार. १८९९ मध्ये ड्रेफस प्रकरणावरून, म्हणजे ड्रेफस हा ज्यू लष्करी अधिकारी देशद्रोही की निर्दोष यावरून, फ्रान्समध्ये घराघरांत ताटं वेगळी झालेली. ओतोयच्या घोड्यांच्या शर्यतीत एका बॅरननं राष्ट्राध्यक्ष लूबेंच्या टोपीवर काठी हाणली. त्या दंगलीत आमचे काउंटही पकडले गेले. पंधरा दिवस कोठडी! ‘ल वेलो’ या क्रीडापत्रानं त्यांची खरडपट्टी काढली. संपादक कोण? तोच जिफार. काउंटनं जाहिराती थांबवल्या, मिशलँ, क्लेमां अशा कारखानदारांना जोडीला घेतलं आणि १९०० मध्ये नवं पत्र काढलं, ‘ल’ओतो-वेलो’. जिफारचा कागद हिरवा, म्हणून यांचा पिवळा. जिफार कोर्टात गेला. १९०३ मध्ये निकाल लागला : नावातलं ‘वेलो’ काढा, म्हणजे सायकल काढा. उरलं नुसतं ‘ल’ओतो’, मोटार!

आणि या मोटार नावाच्या पत्रानं त्याच वर्षी काय भरवलं असेल? फ्रान्सभर फिरणारी सायकलींची शर्यत. तूर द फ्रान्स!