माटोळीवर काटकसर

यंदाची चवथ साधेपणानं करायची, असा ठराव आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बिनविरोध मंजूर झाला आहे. ठराव पणजीच्या दादांनी मांडला, मडगावच्या काकींनी अनुमोदन दिलं आणि दुबईच्या पुतण्यानं तिथल्या रात्री अडीच वाजता हात जोडल्याचं चित्र टाकलं. महागाई बघता कुठंतरी आळा घातलाच पाहिजे, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. नारळ बघा, तेल बघा, भटजींची दक्षिणा बघा. पणजीच्या फ्लॅटला कुलूप लावायचं, पेडण्याच्या मूळ घरी जमायचं आणि खर्च भावाभावांत वाटून घ्यायचा, ही आमच्याकडची पूर्वापार रीत. तेव्हा काटकसरही सगळ्यांनी मिळूनच करायला हवी. दादांनी लगोलग एक्सेलची शीट टाकली.

शीट मी बारकाईनं वाचली. फटाके, रुपये १२,०००: कायम, कारण मुलांचा आनंद. ५५ इंची टीव्ही, शून्य टक्के व्याज: कायम, कारण पाहुणे येतात. (ते गणपतीकडे येतात की टीव्हीकडे, यासाठी शीटमध्ये रकाना नाही.) पडदे, सोफ्याची कव्हरं, चारही जावांच्या एकाच रंगाच्या साड्या: कायम, कारण फोटो. सुक्या मेव्याचे खोके, नग ३०: कायम, कारण त्यांनीही आपल्याला दिले होते. मग कात्री चालली कुठं? अगदी तळाच्या ओळीवर, गणपतीच्या डोक्यावर रानातली फळंपानं टांगायच्या चौकटीवर. ‘माटोळी, रुपये २,०००.’ शेजारी लाल अक्षरांत शेरा: ‘अनावश्यक. पर्याय शोधावा.’

दादांचा मुख्य राग घागऱ्यांवर आहे. गेल्या चवथीआधी पणजीच्या बाजारात त्यांनी घागऱ्यांच्या एका जुडीचा भाव विचारला होता. ५० रुपये. रस्त्याच्या कडेला उगवणारं रान! पिवळं फूल, फुगीर शेंग, सुकली की आत बी खुळखुळतं, गुरंसुद्धा सहसा तोंड लावत नाहीत. आणि ५० रुपये? दादा तेव्हापासून सावरलेले नाहीत. टीव्हीच्या दुकानात त्यांना ‘प्रोसेसिंग फी’ नावाची एक रक्कम भरावी लागली, ती कसली हे त्यांनी विचारलं नाही. फटाक्यांच्या एका माळेची किंमत जुडीच्या कितीतरी पट होती आणि ती माळ पाऊण मिनिटात संपली, त्याचंही काही नाही. पण ५० रुपयांच्या घागऱ्या त्यांच्या मनात वर्षभर खुळखुळत राहिल्या. अष्टमीच्या फेरीत घागऱ्या, सत्यनारायणाच्या पूजेला घागऱ्या, एका बारशालासुद्धा त्यांनी यजमानांना बाजूला घेऊन विचारलं, ‘तुमच्याकडे घागऱ्यांना किती मोजलेत हो?’

पर्याय दादांनी स्वतःच शोधून आणला: प्लास्टिकची माटोळी. चौकट घडीची, फळं धुता येतात, रंग जात नाही. किंमत रुपये ४,९९९. ‘एकदाच खर्च,’ असं दादांनी ग्रुपवर समजावून सांगितलं. ‘वर्षाला दोन हजार वाचतात, म्हणजे तिसऱ्या वर्षी संच फुकट पडला.’ हिशेबात खोट नव्हती. मग कुणीतरी विचारलं, वर्षभर ठेवायचा कुठं? पेडण्याच्या घरात उंदीर आहेत. म्हणून झाकणाचा मोठा डबा, १,२०० रुपये. प्लास्टिकची फळं अंधारात अगदीच मेल्यासारखी दिसतात, म्हणून आतून दिव्यांची माळ, ८०० रुपये. झाले ६,९९९, आणि फुकट पडण्याचा मुहूर्त चौथ्या वर्षावर गेला. संचात आहे काय, तेही सांगतो. सफरचंदं, द्राक्षांचे घोस, अननस, स्ट्रॉबेरी आणि एक ड्रॅगन फ्रूट. घागऱ्या नाहीत. कांगलां नाहीत, कवंडळं नाहीत, माट्टीची फळं नाहीत, आंबाडे नाहीत, सुपारीचं शिपटं नाही, तोरिंजन नाही. चतुर्थीच्या सकाळी गणपतीबाप्पा मान वर करून बघतील तेव्हा त्यांना आपण विमानतळावरच्या ज्यूसच्या दुकानात बसलोय असं वाटायची सोय आहे. यावर काकींनी लिहिलं, ‘छान दिसतंय, घागऱ्या वेगळ्या मिळतात का प्लास्टिकच्या?’ दादांनी शोधलं. मिळत नाहीत. मग दुबईच्या पुतण्यानं सुचवलं की तिकडून थ्रीडी प्रिंट करून आणतो, बियांच्या जागी छर्रे घालू, आवाज अस्सल येईल. एका जुडीचा खर्च अंदाजे ९०० रुपये. ‘पण कायमची,’ असं दादा म्हणाले. सूचना विचाराधीन आहे.

तुम्ही म्हणाल, हे एका घरातलं झालं. तसं नाही. चवथ जवळ आली की पणजीत सध्या साधेपणाची मोठी खरेदी असते. साधेपणासाठी तागाची पिशवी लागते, तिच्यावर साधेपणाचा संदेश छापलेला लागतो. साधा सुती कुर्ता लागतो, जो साधा नसलेल्या कुर्त्याच्या तिप्पट किमतीला मिळतो. मातीची मूर्ती लागते, आणि ती बिया घातलेली असली की आणखी साधी. (पेडण्या-डिचोलीच्या चित्रशाळांतली माणसं मातीच्याच मूर्ती करत आली, त्यांना आपण पर्यावरणवादी आहोत हे अलीकडेच समजलं.) हे सगळं घेऊन घरी आलं की माणूस दमतो आणि साधं जेवण बाहेरून मागवतो.

असो. घागऱ्यांकडे वळू, कारण ५० रुपयांचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

दादांच्या वतीनं मीही बाजारात भाव विचारला. बाई पेडणे तालुक्यातलीच निघाली. समोर फाटकी ताडपत्री, तिच्यावर सगळं रान जुड्या करून मांडलेलं, वरून पाण्याचा हबका. कवंडळांना केवणीच्या सालीचा दोर बांधलेला, तोही तिनंच वळलेला. म्हटलं, बाये, रानातल्या वस्तूला एवढे पैसे? ती जुडीची गाठ आवळता आवळता म्हणाली, ‘दोंगर खंय उरला रे बाबा? आमी दोडामार्गाच्यान हाडटात. पेट्रोलाचे पयशे कोण दितलो, तूं?’ मी शेजारच्या कवंडळांचा भाव विचारला. ‘घेता जाल्यार घे, ना जाल्यार फुडें वच,’ एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं. ते घागऱ्यांकडे बोट दाखवून विचारत होतं, ‘ही कसली भाजी?’

दोंगर खंय उरला. हा प्रश्न एक्सेलमध्ये घालता येत नाही म्हणून इथं घालतो. आमच्या पेडण्याच्या घरामागं टेंब होता. चवथीच्या आदल्या दिवशी आजोबा कोयता घेऊन पुढं आणि आम्ही पोरं मागं, असं चढायचो. हे माट्टीचं, याची पंखांची फळं चौकटीच्या कडेला. हे कुमयाचं. ही कवंडळाची वेल, हात लाव पण तोंडाला लावू नकोस. घागऱ्या तर वाटेतच पायाला लागायच्या, त्यांना मुद्दाम कुणी हुडकायचं नाही. खर्चाची वही होती, तिच्यात गुळाची ढेप असायची, सोनारकाम असायचं, सुताराची मजुरी असायची. माटोळीची ओळ नव्हती. शेजाऱ्याच्या परड्यातलं तोरिंजन आपल्याकडे, आपलं शिपटं त्याच्याकडे. सोयर असो की सुतक, हा व्यवहार चालू.

मग आम्ही टेंब विकला. कुणी लुटला नाही, जबरदस्तीनं घेतला नाही. चारही भावांनी ओळीनं बसून सह्या केल्या आणि सह्यांनंतर चहा झाला. मोपाच्या पठारावर विमानतळ यायचा होता, २०२३ च्या जानेवारीत तिथून विमानं उडूही लागली, आणि पेडण्यात कातळाला सोन्याचा भाव आला. झोन बदलला. ज्या उतारावर गुरं चरायची तिथं आता ‘वनराईच्या कुशीत’ अशी पाटी आहे आणि कुशीत वनराई सोडून बाकी सगळं आहे. निळं पाणी भरलेले हौद आहेत, वर्षातले अकरा महिने बंद असलेली दारं आहेत, आणि राखणदार आहे, जो आम्हाला आमच्याच पाणंदीत उभा करून नाव विचारतो. आलेल्या पैशांचं काय झालं? दादांचा पणजीतला फ्लॅट त्यातूनच झाला. त्या फ्लॅटच्या बाल्कनीत दादांनी नर्सरीतून आणलेली ‘देशी वनस्पती’ लावली आहे. कुंडीसकट ७५० रुपये. मी ओळखली. घागरी आहे.

वयनींचं माहेर डिचोलीचं. तिथला डोंगर आमच्यासारखा एका दिवशी सह्या करून गेला नाही, तो ट्रकात बसून बोटीपर्यंत गेला. २०१२ साली खाणी बंद पडल्या, सुरू होतात न होतात तोच २०१८ साली पुन्हा पडल्या. हप्त्यावर घेतलेले टिपर अंगणात गंजले आणि जिथं माट्टी होती तिथं हिरव्या पाण्याचा खंदक राहिला. याच माट्टीला आपण एकदा राज्यवृक्षाचा मान दिला होता. मान मिळाल्यावर झाडाचं काय होतं, हे गोव्यात वेगळं सांगायला नको. माडाचं बघा. २०१६ साली कायद्याच्या पुस्तकात माड हे झाडच राहिलं नव्हतं, २०१७ साली ते पुन्हा झाड झालं. मधल्या काळात ते काय होतं, हे माडांना कुणी कळवलं नसावं. नारळ येतच राहिले. आता वयनींचे भाऊ डिचोलीच्या बाजारातून माट्टीची फळं विकत आणतात. विकणारा ती दुसऱ्या तालुक्यातून आणतो, कारण त्याचाही डोंगर गेलेला.

आणि अशा वेळी आम्ही शीट उघडतो आणि पहिली लाल रेघ माटोळीवर मारतो! दोन हजार रुपये अनावश्यक! बाकी सगळं आवश्यक, कारण ते जाहिरातीत आहे. घागरीची जाहिरात कोण करणार? तिला कंपनी नाही, तिच्यावर सूट नाही, एकावर एक मोफत नाही, जुनी देऊन नवी घ्यायची योजना नाही. ज्या वस्तूवर ‘तुमची ८,००० रुपयांची बचत’ असं लिहिलेलं नसतं ती आपल्याला महाग वाटते, इथपर्यंत आपली अक्कल हप्त्यावर गेलेली आहे. याच चवथीसाठी तिसवाडीत, बार्देसात, सालसेतीत लोकांनी काय सोसलं ते आठवा. १५६० साली इन्क्विझिशन आलं. मूर्ती पुजायची चोरी. त्यातूनच काही घरांत कागदावरचा गणपती आणि पत्रीचा गणपती आला, म्हणतात, आणि तो आजही पुजला जातो. पेडण्यावर पोर्तुगीज १७८८ मध्ये आले, डिचोलीवर त्याच्या थोडे आधी. तोवर त्यांचा तो उत्साह ओसरला होता, म्हणून आमचे देव उघड्यावर राहिले. पण ज्यांना लपावं लागलं त्यांची चवथ अडली नाही. कागदाचा एक तुकडा आणि मूठभर पानं. यापेक्षा काटकसरीचा सण मला तरी माहीत नाही, आणि त्याला त्यांनी ‘साधेपणा’ असं नाव दिल्याचं ऐकलेलं नाही. रानातलं रानातून आणून टांगायची रीत फिरंग्याला मोडता आली नाही, ती शून्य टक्के व्याजानं मोडली. वर प्रोसेसिंग फी आम्ही आनंदानं भरली.

हे सगळं, अर्थात बरंच सौम्य करून, मी ग्रुपवर लिहिलं. तासभर कुणी काही बोललं नाही. मग काकींनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. दुबईच्या पुतण्यानं विचारलं, ‘घागरी कुठली, पाण्याची?’ वयनींनी मला वेगळा फोन करून सांगितलं की भावजी, तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, पण साड्यांना हात लावू नका, ब्लाऊज शिवायला टाकलेत.

दादांचं उत्तर रात्री आलं. ते माझ्यावर रागावलेले नाहीत. उलट मुद्दा भावनिकदृष्ट्या पटल्याचं त्यांनी लिहिलं. शीटमध्ये त्यांनी दुरुस्ती केली आहे. घराच्या दक्षिणेला जो बिंबलाच्या झाडापर्यंतचा तुकडा उरला आहे, त्याला दिल्लीचं एक गिऱ्हाईक आलं आहे. सह्या चतुर्थीआधी झाल्या आणि बयाणा हातात पडला, तर यंदा प्लास्टिकचा विचार सोडून माटोळी अस्सल आणायची, घागऱ्यांच्या हव्या तितक्या जुड्या, भाव न विचारता. फटाक्यांची ओळही त्यांनी १२,००० वरून २०,००० केली आहे. सह्यांसाठी सर्वांनी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन यावं, अशी विनंती आहे.