दहाच्या आत घरात

रॉक म्हणजे बंडखोरी, हे आमच्या पिढीला कॅसेटच्या कव्हरवरचे केस बघून कळलं. आता ती बंडखोरी वेळेवर सुरू होते, रांगेत उभी राहते, मनगटाला पट्टा बांधून घेते आणि रात्री दहाच्या ठोक्याला गाशा गुंडाळते.

कुठल्याही सोसायटीला असा भाडेकरू हवाच असतो.

१७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स अँड रोझेस’ झाले. २०१२ मध्ये हेच नाव मुंबईत येऊन गेलं होतं, पण तेव्हा गिटारवाला स्लॅश सोबत नव्हता. म्हणजे नुसतेच रोझेस. या वेळी हॅट, गॉगल, गिटार, सगळं जागेवर. गायक ॲक्सल रोझही जागेवर. वय ६३. वरच्या पट्टीत आवाज कधी पोचत होता, कधी अर्ध्या जिन्यात बसून दम खात होता. कुणी तक्रार केली का? छे! समोर उड्या मारणाऱ्यांपैकी निम्मेही दोन गाण्यांनंतर बसायला जागा शोधत होते.

याच ॲक्सलने २ जुलै १९९१ रोजी अमेरिकेत सेंट लुइसजवळ गाणं अर्धवट टाकून थेट प्रेक्षकांत उडी घेतली होती. कारण काय, तर एक जण कॅमेरा घेऊन बसला होता. मग साहेब फणकाऱ्याने निघून गेले आणि मागे दंगल झाली. एका कॅमेऱ्यासाठी! रेसकोर्सवर त्याच्यासमोर हजारो फोन उभे होते.

आता उडी मारायची तरी कुणाकुणावर?

माझ्या पुढच्या गृहस्थांनी ‘नोव्हेंबर रेन’ पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत टिपलं. गाणं जवळपास नऊ मिनिटांचं. हात जराही हलला नाही, साधना म्हणतात ती हीच. नंतर त्यांनी मोठ्या कौतुकाने ते मला ऐकवलं. ॲक्सल कुठे ऐकूच येत नव्हता. येत होता तो या गृहस्थांचा स्वतःचा आवाज.

‘कोल्डप्ले’चा ख्रिस मार्टिन या बाबतीत सभ्य. तो गाणं मध्येच थांबवतो आणि हात जोडल्यासारखं करून म्हणतो, एवढं एक गाणं तरी फोन खिशात ठेवा. त्याच्या या विनंतीचे व्हिडिओ भरपूर उपलब्ध आहेत.

कोल्डप्लेला रॉक म्हणायचं का, यावर कट्टर मंडळी आजही हातघाईवर येतात. येऊ देत. तिकिटांसाठी मात्र कट्टरही त्याच रांगेत होते. २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बारा. ॲप उघडलं तर आपल्यापुढे काही लाख माणसं. रांग सरकायच्या आत तिकिटं संपली, आणि संपली म्हणेपर्यंत दुसरीकडे लाखांच्या भावात दिसायला लागली. अधिकृत दर अडीच हजारांपासून ३५ हजारांपर्यंत होते. ते स्वस्त वाटावेत, एवढी सोय काळ्या बाजाराने केली. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली.

चौकशी सुरू झाली म्हणजे पुढे काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला हवं?

२०११ मध्ये गुडगावात ‘मेटॅलिका’चा कार्यक्रम ऐनवेळी गडगडला, तेव्हा चिडलेल्या पोरांनी मंचाची मोडतोड केली होती. चूकच ती. पण निदान राग तरी आला होता. २०२४ मध्ये लाखो लोक फसल्यासारखे झाले आणि त्यांनी काय केलं? मीम केले. आणि तिसरा दिवस जाहीर झाल्यावर पुन्हा रांगेत उभे राहिले.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेच्या तीन रात्री झाल्या. ब्रिटनने केलेल्या वाईट गोष्टी माफ करून आपलं स्वागत केल्याबद्दल मार्टिनने भारतीयांचे आभार मानले. टाळ्यांचा कडकडाट. दीडशे वर्षांची लूट, दुष्काळ, जालियनवाला, सगळं पुढच्या गाण्याआधी मिटलं.

मग वऱ्हाड निघालं अहमदाबादला. एक लाख ३२ हजार आसनांचं नरेंद्र मोदी स्टेडियम, त्यासाठी पश्चिम रेल्वेच्या मुंबईहून खास गाड्या. गणपतीला कोकणात जायचं तिकीट ज्याला पहिल्या मिनिटाला ‘वेटिंग’ दाखवतं, त्या चाकरमान्याने ही बातमी वाचलीच असेल. गुजरातेत दारूबंदी, हे सांगायला नकोच. जगातल्या सर्वात मोठ्या क्रिकेट स्टेडियममध्ये रॉकची रात्र, आणि हातात पाण्याची बाटली.

आमच्याकडे बिअर मिळते. म्हणजे मिळू शकते. एका महोत्सवात रोख पैसे चालत नव्हते, मनगटाच्या पट्ट्यात आधी पैसे भरायचे. भरायला एक रांग, प्यायला दुसरी, आणि प्यायल्यावर अर्थातच तिसरी. तिसऱ्या रांगेत असताना मला ज्याच्यासाठी आलो होतो, तो बँड ऐकू आला. बरंच चांगलं वाजवत होते म्हणे.

आणि ही दहाची घंटा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. उघड्यावर ध्वनिक्षेपक दहानंतर बंद, वर्षातले सवलतीचे मोजके दिवस सोडले तर. नियमाशी माझं भांडण नाही. आजारी माणूस, परीक्षेचं पोर, सगळं कबूल. याच नियमाने पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्री दुपारीच सुरू व्हायला लागल्या आणि पहाटेचे राग पहाटेला पारखे झाले. धोबीतलावच्या रंगभवनाचाही आवाज गेला. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ने तिथे पोरं घामाघूम केली. आजूबाजूला रुग्णालयं, कॉलेजं, म्हणून शांतता क्षेत्र. १९८० मध्ये ‘द पोलीस’ मुंबईत वाजवून गेले होते, त्यांच्यातला स्टिंग जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा मुंबईत गायला, तो रेसकोर्सवर.

तिथल्या घोड्यांना कुणी विचारलं होतं?

स्टिंगला आणलं ‘लोलापलूझा’ महोत्सवाने. १९९१ मध्ये पेरी फॅरेलने आपल्या बँडच्या निरोपाचा दौरा म्हणून हे खटलं सुरू केलं, तेव्हा ते चाकोरीबाहेरच्यांचं होतं. ‘ग्रीन डे’ १९९४ मध्ये तिकडे वाजवून आले आणि मार्च २०२५ मध्ये इकडे. टीव्हीने मेंदू बधिर केलेल्या अमेरिकेवर २००४ मध्ये आसूड ओढणारा हा बँड. डाव्या हाताला जाहिरातीचा मनोरा, उजव्या हाताला जाहिरातीचा मनोरा, मधोमध व्यवस्थेवर आसूड. प्रायोजकांच्या मंडपातली मंडळीही मुठी आवळून ओरडत होती. सोमवारी त्यांना ऑफिस होतं.

तरी एक सांगतो, त्यांचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग पन्नाशी उलटूनही असा नाचला की माझ्यासारख्याचं तोंड काही काळ बंद राहिलं. ढोल छातीत वाजतात, शेजारचा अनोळखी माणूस गळ्यात हात टाकतो, आणि तिकिटाचा आकडा विसरायला होतो. महिनाअखेर बँकेचा मेसेज येतोच.

पण आश्चर्य नावाची चीज आता उरली नाही. सेटलिस्ट आदल्या गावच्या कार्यक्रमावरून सगळ्यांना पाठ. कितवं गाणं, कधी कागदी तुकडे उडणार, कधी बँड ‘गुड नाइट’ म्हणून खोटं खोटं आत जाणार, सगळं माहीत. मग आपण खोटं खोटं ओरडायचं आणि त्यांनी खरं खरं परत यायचं. बालगंधर्वांना ‘वन्स मोअर’ मिळायचा तो मागून मिळायचा. नाटक पहाटेपर्यंत चालायचं ते त्यापायीच. इथे ‘वन्स मोअर’ला आधीच दहा मिनिटं राखून ठेवलेली असतात, पावणेदहा ते नऊ पंचावन्न.

आणि नेमक्या त्या दहा मिनिटांत मुंबईकर काय करतो? निघतो. ज्या एका गाण्यासाठी महिनाभर आधीपासून घसा कोरडा केला, ते मंचावर सुरू होतं आणि हा मान मागे वळवून बघत, अर्धा ऐकत, फाटकाकडे चालत असतो. का? तर ‘नंतर गर्दी होते’.

एवढी अक्कल सगळ्यांनाच एकदम सुचत असल्याने पार्किंगमधून गाडी निघायला आम्हाला तासभर लागला. तोवर गाडीत तोच बँड लावला होता. एसी होता, बसायला जागा होती आणि ॲक्सल १९८७ चा होता.