अधिकस्य अधिकं फलम्

आमचं दुकान इंटरनेटवर आहे. हापूस, फराळ, मेतकूट, कुळथाचं पीठ असं सगळं तिथे मिळतं. दुकानाला शटर नाही, गल्ला नाही, गिऱ्हाइकाला ‘या, बसा’ म्हणायची सोय नाही. म्हणून ते ‘या, बसा’ लिहून काढावं लागतं. ते लिहिणारे मुक्त लेखक महाराष्ट्रभर पसरलेले आहेत आणि त्यांच्याकडून ते वेळेवर काढून घेणं हे माझं काम. मालक माझी ओळख ‘आमच्या कंटेंटच्या मॅडम’ अशी करून देतात. सासूबाई शेजारणीला खरं ते सांगतात, “ही दिवसभर फोनवरून लोकांच्या मागे लागलेली असते. बहुतेक वसुलीचं खातं आहे.”

या धंद्यातली गोम अशी, की आज पान टाकलं आणि उद्या गिऱ्हाईक आलं, असं होत नाही. गूगलच्या शोधात वर यायला पानाला काही आठवडे तरी लागतात. त्यामुळे हापूसवरचा लेख हवा पौषात आणि चकलीवरचा श्रावणात, जेव्हा निम्मे लेखक साबुदाण्यावर असतात. बाहेर श्रावणसरी कोसळत असताना अभ्यंगस्नानाची पहाट रंगवा म्हटलं, की लेखक म्हणतो, “मॅडम, मूड येत नाहीये.” मूड येतो तो थेट वसुबारसेला. तोवर आमचे फराळाचे डबे अमेरिकेत पोचून रिकामेही झालेले असतात.

कारणं देण्यात मात्र आमच्या लेखकांनी कधी उशीर केलेला नाही. एका गावातली लाइट नेमकी मुदतीच्या संध्याकाळीच जाते. तिथल्या लेखकाचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस त्याही अंधारात दर तासाला बदलत असतं.

एक निवृत्त मास्तर आहेत. ते तारीख पाळतात, पण लेख पाठवतात कुठल्यातरी जुन्या फाँटमध्ये. फाइल उघडली, की पडद्यावर रोमन अक्षरं, टक्क्याची चिन्हं आणि उघडे राहिलेले कंस. फोन केला तर म्हणतात, “माझ्याकडे तर स्वच्छ दिसतंय.” मग लेख युनिकोडमध्ये येईपर्यंत दोन दिवस जातात, पण ते दोन दिवस मास्तरांच्या खात्यावर मांडता येत नाहीत.

एक काकू आहेत. त्यांचा लेख मुदतीच्या आधीच येतो. लिंबाच्या लोणच्यावर ६०० शब्द मागितले तर २,४०० येतात. निम्म्या लेखापर्यंत काकूंच्या आत्याचं लग्न चाललेलं असतं आणि लोणच्याची बरणी अजून माळ्यावरच असते.

आम्ही शब्दांवर पैसे देतो. एका चलाख मुलाने मग शब्दयोगी अव्ययं सुटी करायला घेतली. ‘पेटीमध्ये गवतावर ठेवलेला आंबा’ हा चार शब्दांचा ऐवज ‘पेटी मध्ये गवता वर ठेवलेला आंबा’ असा सहा शब्दांना विकला. मी ते जोडून चार केले. पुढच्या लेखात त्याने ‘अत्यंत’ आणि ‘खरोखरच’ घालून दोन शब्द वसूल केले.

खरी मुदत २० तारखेची असेल तर लेखकाला १५ सांगायची, हा आमच्याकडचा रिवाज. पण लेखकांना तो पाठ असल्यामुळे १५ म्हणजे २०, असंच ते धरून चालतात. म्हणून मी १० सांगू लागले. त्यांनी १० म्हणजे २० धरलं. पुढे लक्षात आलं, की मालकही मला पाच दिवस अलीकडची तारीख देत होते. खरी मुदत नेमकी कोणती, हे आता आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

या घोळात अढळ तारीख एकच, पंचांगातली. ‘चतुर्थी दोन दिवस पुढे ढकलता का?’ असं कुणाला विचारता येत नाही. त्यातल्या त्यात संक्रांत दयाळू. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे वाणावरचा लेख उशिरा आला तरी खपून जातो. आंबा मात्र निर्दय. मृगाचा पाऊस पडला, की हापूसवर कितीही सुंदर लिहा, लोक भजी शोधत असतात.

पंचांगापुढे लेखक नमतो, अशी माझी श्रद्धा होती. तिला २०२३ साली अधिक श्रावण आडवा आला. अधिकात जावयाला ३३ अनारसे द्यायची रीत, म्हणजे आमच्यासाठी ती दुसरी दिवाळीच. तांदूळ भिजवून, कांडून, गूळ घालून पीठ मुरवायला आता घरोघरी वेळ कुणाला? अनारशांवरचा लेख मी चैत्रातच एका तरुण लेखकाकडे सोपवला. ज्येष्ठात आठवण केली. तो म्हणाला, “यंदा दोन श्रावण आहेत ना मॅडम, मग घाई काय?”

१८ जुलैला अधिक लागला, १६ ऑगस्टला संपला. लेख आला १७ तारखेला. आणि चांगला निघाला, हे जास्त चीड आणणारं. खसखशीवर थापण्यापासून जाळी पडण्यापर्यंत सगळं डोळ्यांसमोर उभं केलं होतं. तुपात विरघळलेल्या अनारशाला ‘हसला’ म्हणतात, हेही त्या अविवाहित मुलाला माहीत होतं. मालक मात्र हसले नाहीत. गोदामात अनारशांची खोकी तशीच पडून होती.

मी फोनवर आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, “वाया काहीच जात नाही, मॅडम. पुढचा अधिक २०२६ मध्ये आहे. ज्येष्ठ. १७ मेपासून. ठेवून द्या.”

मी पंचांग काढून पाहिलं. बरोबर होतं. माझ्या वहीत मुदतीच्या पावणेतीन वर्षं आधी आलेला लेख आजवर हा एकच. तशी नोंद करून मी त्याचे पैसे पाठवले. पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला, “मिळाले, मॅडम. वेळेआधी दिल्याबद्दल वर काही असतं का?”