भावजींची कॅसेट

भावजींचा इंग्लंडहून फोन आला. "वहिनी, शेवटी कॅसेटच घेतली." मला वाटलं, कुठल्या जुन्या बाजारात भीमसेनांची मिळाली असेल. कौतुकाने विचारलं, "कुठला राग?" पलीकडे एकदम शांतता. मागून जावेचं फिस्सकन हसू. अहो, कॅसेट म्हणजे संडास! मोटरहोममधल्या संडासाची खालची टाकी!

काय सांगू तुम्हाला. त्यानंतर उन्हाळ्यात सहा आठवडे मी त्यांच्याकडे मिल्टन कीन्सला होते. दर शनिवारी कुणा ना कुणा मराठी घरी जेवण. पूर्वी या मंडळींत काय बोलणी व्हायची? घरांच्या किमती, मुलांच्या शाळा, कुणाच्या मुलीने कुणाशी जमवलं. सभ्य, खानदानी विषय. आता सगळ्यांना मोटरहोमचं खूळ लागलंय. आणि मोटरहोममध्ये तरी इंजिनाबद्दल बोलतील, बिछान्याबद्दल बोलतील? छे! हातात श्रीखंडाची वाटी आणि तोंडात संडास. शी म्हणायचीही सोय नाही, कारण यजमानीणबाईच मोबाइलवर झडपेचा फोटो दाखवत असतात.

आता मलाही सगळं पाठ झालंय. तंबूवाल्यांसाठी पोर्टा पॉटी. प्लास्टिकची सुटी पेटी, वरच्या टाकीत फ्लशचं पाणी, खालच्या टाकीत बाकीचं. मोटरहोमवाल्यांसाठी कॅसेट. संडास आत कायमचा बसवलेला, पण खालची टाकी गाडीच्या बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची. तिला विमानतळावरच्या बॅगेसारखी चाकं आणि दांडा! सतराअठरा लिटरची टाकी, दोघांना दोन-तीन दिवस. भरली की लाल दिवा लागतो. दिवा लागला की नवराबायको एकमेकांकडे बघत नाहीत.

खालच्या टाकीत निळं औषध, वरच्या पाण्यात गुलाबी. हे पाढ्यांसारखं म्हणतात. त्यातही सोवळं-ओवळं आहे. जुन्या निळ्या औषधांत फॉर्माल्डिहाइड असायचं, त्याने सेप्टिक टँकमधले कामाचे जिवाणूच मरतात. म्हणून गाड्यांच्या मुक्कामाच्या ज्या तळावर सेप्टिक टँक आहे तिथे हिरवंच चालतं. तिथे कुणी निळं ओतलं, तर त्याला वाळीतच टाकतील.

टाकी रिकामी करायची ती तळाच्या कोपऱ्यातल्या एल्सन पॉइंटवर. इफ्रेम लुइस जॅक्सन नावाच्या गृहस्थाची दोन आद्याक्षरं आणि सॅनिटेशनमधला 'सॅन', झालं एल्सन. कंपनी 1924 सालची. दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर बॉम्बर विमानांच्या शेपटीकडे एल्सनचाच संडास असे आणि वैमानिक मंडळी त्याच्या नावाने बोटं मोडत. विमान हेलकावे खातंय आणि खाली रसायनाची बादली. जर्मन परवडले! कॅसेट ओततानाही एक बटण दाबून हवा आत सोडावी लागते. विसरलात तर गटगट करून उसळतं आणि पायावर येतं. एका डॉक्टरांच्या नव्या पांढऱ्या बुटांची हकिकत मी तीन घरी ऐकली. प्रत्येक घरी शिंतोडे वाढत गेले.

यांच्यातला अतिशहाणा गट म्हणजे सेपरेटरवाले. त्यांचं म्हणणं, घाण वास येतो तो एक नंबर आणि दोन नंबर एकत्र आल्यामुळे. म्हणून पुढचं पुढच्या कॅनमध्ये, मागचं मागच्या बादलीत. औषध नको, पाणी नको. फक्त पुरुषांनीही बसूनच करायचं. (यावर एका काकांनी वाटी खाली ठेवली.) मग एका आजींनी तोच प्रश्न विचारला, जो आपल्यापैकी कुणीही विचारला असता: "अरे, पण धुवायचं कुठे?"

सगळे गप्प. कारण ती बादली कोरडी राहिली पाहिजे. तांब्याभर पाणी गेलं की सगळा लगदा. कॅसेटचंही तेच. तीन दिवसांचा हिशोब कागदवाल्यांचा. दर खेपेला दोन मग पाणी ओतलंत तर दुसऱ्या दिवशीच लाल दिवा. ओले वाइप्स टाकावेत तर तुंबतं. इतकी वर्षं परदेशात काढली, उच्चार बदलले, टमरेल काही सुटलं नाही!

नॉर्वेची सिंड्रेला म्हणून एक आहे. ती गॅसवर सगळं जाळून मूठभर राख करते. दर वेळी आधी भांड्यात कागदी पिशवी अंथरायची. किंमत ऐकून मी पाणी मागितलं.

टेक्सासची माझी मावसबहीण या सगळ्यांना हसते. त्यांच्याकडे कॅसेट नाही, गाडीच्या पोटातच मोठी काळी टाकी. तीन इंची नळी लावायची आणि झडप उघडायची. पण झडप कायम उघडी ठेवली तर पाणी निघून जातं आणि मागे चक्क पिरॅमिड उभा राहतो. आणि नको तिथे उघडली तर? 8 ऑगस्ट 2004, शिकागो. डेव्ह मॅथ्यूज बँडची बस किन्झी स्ट्रीटच्या पुलावर. ड्रायव्हरने टाकी सोडली. पुलाचा तळ जाळीचा. खालून नेमकी शहरातल्या इमारती दाखवणारी बोट चाललेली, लोक माना वर करून बघतायत! सुमारे 800 पौंड माल. बँडला 2 लाख डॉलर मोजावे लागले.

आणि आता खरी गंमत. चार महिने ही चर्चा करून बहुतेकांच्या गाडीत नियम काय? "दोन नंबर गाडीत नाही." त्यासाठी तळावरच्या संडासात जायचं. मग एवढा ऊहापोह कशासाठी, असं मी जावेला विचारलं. ती म्हणाली, "ताई, संडास कुठला हा प्रश्नच नाही. उचलणार कोण, हा आहे."

तिने अट घातली होती: गाडी घ्या, पण कॅसेट तुम्ही. आणि भावजी उचलतात हो! सकाळी सातला अर्ध्या चड्डीत, वीस किलोची कॅसेट खडखडत ओढत. एल्सन पॉइंटला रांग. पुढचा गोरा "मॉर्निंग!" म्हणतो, हेही म्हणतात. आमच्या सासरच्या वाड्यात टोपलीचे संडास होते. पहाटे टोपल्या उचलून नेणारी माणसं मागच्या बोळातून यायची. सासूबाई सांगायच्या, त्यांना पाणी दिलं तरी वरून ओतायचे. मॉर्निंग कोण म्हणणार?

दिवाळीला भावजी पुण्यात आले होते. पाडव्याला तासभर कॅसेटवर बोलले, झडपेला सिलिकॉनचं वंगण कसं लावायचं तेसुद्धा सांगितलं. मग जेवून उठले, हात धुतले आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. ताट तिथेच होतं.