नाना फोडणीकर

आमच्या जेलरोडच्या सोसायटीत कुणी सिनेमाला निघालं की आधी जिन्यातून पार्किंगकडे डोकावून बघतं. नाना तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले नसतील तरच उतरायचं. असले तर हातात पिशवी घ्यायची आणि भाजीला चाललोय असा चेहरा करायचा. मला तो चेहरा आजवर एकदाही जमलेला नाही. नाना विचारतात, "कुठला?" आपण नाव सांगतो. नाना क्षणभर डोळे मिटतात, तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेतात आणि म्हणतात, "जा, जा. चांगला आहे. फक्त त्या डॉक्टरवर लक्ष ठेव."

झालं! २५० रुपयांचं तिकीट काढायचं, एसीत कुडकुडायचं आणि अडीच तास डॉक्टरवर लक्ष ठेवून बसायचं.

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. रहस्य फोडतात म्हणून सोसायटीतल्या पोरांनी 'फोडणीकर' केलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा वाटलं, आता गणपतीची वर्गणी बंद होणार. पण नाना खूश! म्हणाले, "बरोबर आहे. वरण कितीही चांगलं शिजलं तरी फोडणी नको का?"

आता गंमत अशी, की हा माणूस नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये ३६ वर्षं नोकरी करून २०१० साली निवृत्त झाला. आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. आत काय छापतात, किती छापतात, कुठल्या मशिनवर छापतात, याचा चकार शब्द त्यांनी कधी घरात काढला नाही. नव्या नोटेचा रंग काकूंना कळायचा तो वाण्याने सुटे परत दिले की. देशाची गुपितं पोटात घालून सायकलवरून शीळ घालत घरी येणाऱ्या या माणसाला सव्वाशे मिनिटांच्या सिनेमाचा शेवट मात्र ठेववत नाही. माझा अंदाज असा, की ३६ वर्षं जे कोंडलं गेलं त्याला कुठून तरी वाट हवी होती, आणि ती आमच्या पार्किंगमधून गेली.

सवय मात्र नोकरीच्याही आधीची. शाळेत असताना बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या ते शेवटच्या पानापासून वाचायचे. झुंजार संकटात सापडण्याआधीच नानांना तो सुटलेला ठाऊक असे. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं, पण वाचनालयाच्या पुस्तकात पहिल्या पानावर पेन्सिलीने आरोपीचं नाव लिहून ठेवायचे, तेही सुवाच्य अक्षरात. पुढच्या वाचकाची सोय म्हणून! आता वेबसिरीज आल्यात, तर ते आठवा भाग आधी बघतात, मग पहिला. "आठवा आवडला तरच पहिले सात बघायचे. आंब्याची पेटी घेताना तळातला बघत नाहीस का तू?"

याच्या मागे त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते हिचकॉकवर उभं आहे. हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्ब नाना इतक्यांदा सांगतात, की आमच्या दूधवाल्यालाही पाठ झालाय. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारतायत. अचानक धडाम! प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, संपलं. पण तोच बॉम्ब टेबलाखाली ठेवलेला प्रेक्षकाला आधी दाखवला, की त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. "मग मी वेगळं काय करतो? बॉम्ब दाखवतो. बाकीचं दिग्दर्शकाने बघावं."

मी एकदा म्हटलं, "नाना, हिचकॉक बॉम्ब पडद्यावर दाखवायचा, पार्किंगमध्ये नाही. आणि 'सायको'च्या वेळी, १९६० साली, त्यानेच सिनेमा सुरू झाल्यावर कुणाला आत सोडू नका म्हणून थिएटरवाल्यांना बजावलं होतं. शेवट कुणाला सांगू नका म्हणून प्रेक्षकांना हात जोडले होते."

"धंदा असतो रे," नाना म्हणाले. "त्यालाही पोट होतं. केवढं होतं ते तूच बघ फोटोत."

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'माऊसट्रॅप' १९५२पासून चाललंय आणि खेळ संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. हे त्यांना सांगितलं तर गालातली सुपारी थांबली. बराच वेळ विचार करून म्हणाले, "नाशकात पहिल्या आठवड्यात बंद पडलं असतं." मला वाटतं, त्यात थोडा अभिमान होता.

कोंडीत सापडले की नाना हुकमाचं पान काढतात: दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला जन्म, नाशकात स्टुडिओ, १९४४ साली देह ठेवला तोही नाशकातच. पांडवलेण्याच्या पायथ्याला स्मारक आहे, तिथे नाना दर ३० एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, डोक्याला उपरणं गुंडाळून जातात. सिनेमा ही नाशिकची घरची वस्तू असून बाकीच्या देशाने ती उसनी नेलीय, असं त्यांचं मत. "१९१३ला 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा शेवट कुणाला ठाऊक नव्हता? कडेवरच्या पोराला ठाऊक होता. तरी लोक गेले ना? पुढे 'लंकादहन' काढला. लंका जळणार हे काय गुपित होतं?" मग जरा आवाज खाली आणून, "रहस्य एवढंच, की त्यात राम आणि सीता दोन्ही एकच माणूस. अण्णा साळुंके. आता हे फोडल्याने काय बिघडलं? उलट बघावंसं वाटतं की नाही?"

वाटतं. हा माणूस चिडवतो, पण पुष्कळदा बरोबर असतो. तोच तर त्रास आहे.

त्यांचं लाडकं मत असं, की रहस्यपट आणि कौटुंबिक सिनेमा हे दोन खाने लोकांनी उगाच पाडलेत. 'श्वास' हा मराठीतला मोठा रहस्यपट आहे असं ते म्हणतात, आणि पहिल्यांदा ऐकणारा हसतो. मग नाना त्याला बसवून घेतात. "पोराच्या डोळ्यांना कॅन्सर. ऑपरेशन केलं नाही तर जीव जाणार, केलं तर नजर जाणार. काही लपवलंय? सगळं डॉक्टरने टेबलावर मांडलंय. मग तू खुर्चीला धरून का बसलास? कारण त्या पोराला हे सांगणार कोण, ते माहीत नाही. आणि आदल्या दिवशी आजोबा नि नातू हॉस्पिटलातून गायब होतात तेव्हा..." इथे नाना थांबतात. अरुण नलावडेंच्या त्या आजोबांवर बोलताना त्यांचा आवाज दर वेळी दगा देतो. मग खाकरून 'सामना'वर उडी. "मारुती कांबळेचं काय झालं, हे विचारत तो मास्तर हिंडतो. आणि ज्याला ठाऊक आहे तो समोरच बसून त्याला दारू पाजतोय. निळूभाऊंच्या चेहऱ्यावरच लिहिलंय सगळं. त्यात खुनी शोधायचाय कुठे? तरी लाइट लागेपर्यंत उठवत नाही."

काकूंनी 'माहेरची साडी' चार वेळा पाहिला आणि चौथ्या खेळाला पहिल्यापेक्षा जास्त रडल्या. नाना हा पुरावा म्हणून कुठेही सादर करतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

नाना सिनेमा फोडतात कसा, हे समजायला एकदा त्यांच्या शेजारी बसायला हवं. मी बसलोय. 'अंधाधुन' लागला तेव्हा शुक्रवारी त्यांनी एकट्याने पाहिला होता आणि रविवारी आम्हा तिघांना घेऊन गेले. निघताना काकूंनी त्यांच्याकडून देवासमोर वदवून घेतलं की एक अक्षर बोलणार नाही. नानांनी शब्द पाळला. अक्षर बोलले नाहीत. फक्त "हं" म्हणत राहिले. एखादं पात्र आत आलं की बारीकसा "हं". कुणी काही प्यायला घेतलं की लांब, काळजीचा "हंऽऽ". आणि आम्ही पडद्याच्या डाव्या बाजूला बघत असताना हा माणूस मान वळवून उजव्या कोपऱ्यात टक लावून बसला. मग आम्हीही तिकडेच बघायला लागलो. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून विचारलं, "काका, तुम्ही पाहिलाय ना?" नानांनी तोंडावर बोट ठेवलं. बाई उठून दोन खुर्च्या पलीकडे गेल्या.

न पाहिलेला सिनेमा असला तरी त्यांचं अडत नाही. नट मोठा आणि काम फुटकळ असेल तर त्याला उगाच घेतलेला नसतो, हा पहिला नियम. ज्याच्या वाट्याला गाणं येतं तो निर्दोष, हा दुसरा. 'तीसरी मंझिल', 'वह कौन थी', 'गुमनाम', सगळे त्यांनी या कसोटीवर घासून ठेवलेत. 'ज्वेल थीफ'ला कुठला नियम लागतो ते मी इथे लिहीत नाही. मला कुणी फोडणीकर म्हणू नये. 'मेरा साया'बद्दल मात्र नानांचा राग वेगळा आहे. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' १९६४चा, काशिनाथ घाणेकरांचा. त्यावरून दोन वर्षांनी हिंदीत 'मेरा साया' झाला, आणि लोकांना आठवतो तो हिंदीच. "झुमका बरेलीला पडला असेल, पण गोष्ट आपल्या घरातून गेली."

हे गाण्यांचं होकायंत्र एकाच घराण्यापुढे बिघडतं. बी. आर. चोप्रांचा 'कानून', मग त्यांच्याच बॅनरचा, यश चोप्रांनी केलेला 'इत्तेफाक'. दोन्हींत एकही गाणं नाही. नाना तिथे उघडेच पडतात. आणि चोप्रांचाच 'धुंद'...

'धुंद'चं नाव नाना घेत नाहीत. आपण घेतलं तर उठून नळ बंद आहे का ते बघायला जातात.

सिनेमा १९७३चा. नानांचं लग्न १९७६ला झालं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा दोघं शालिमारच्या बसने गावात गेली ती मॅटिनीला पुन्हा लागलेला 'धुंद' बघायला. थिएटरचं नाव लिहीत नाही; आता तिथे दुकानं आणि वर फ्लॅट आहेत. डॅनीचा खून झाला, झीनत अमान, नवीन निश्चल, संजय खान यांच्याभोवती संशय फिरून झाला, खटला रंगात आला आणि वीज गेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, बॅटऱ्या पाडल्या, अर्धा तास बसले. वीज आली नाही, पैसेही परत मिळाले नाहीत. नानांनी त्या काळोखात शपथ घेतली: बघेन तर याच तिकिटावर, याच थिएटरात, उरलेला. ते अर्धुकं तिकीट आजही पीएफच्या कागदांबरोबर कपाटात आहे. सिनेमा आता मोबाईलवर सहज मिळतो. नाना बघत नाहीत. अख्ख्या जगाचे शेवट फोडणाऱ्या या माणसाने एकच नारळ न फोडता ठेवलाय.

आणि काकूंना शेवट ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी मनमाडला बहिणीकडे गेल्या होत्या, तिथे पाहिला. तेव्हापासून घरात बॉम्ब त्यांच्या ताब्यात. पाहुण्यांसमोर नानांनी एखाद्या सिनेमाचा "तो जो वकील असतो ना..." सुरू केला, की स्वयंपाकघरातून नुसता आवाज येतो, "सांगू का 'धुंद'चं?" नाना जागच्या जागी गप्प. निवृत्तीनंतर दोन वेळा हिमालयात ट्रेकला जायचं काढलं होतं, तेही याच एका वाक्यावर रद्द झालं.

परवा मला सर्दी झाली होती. पडल्या पडल्या मोबाईलवर 'धुंद' पाहिला, पुरता. दुसऱ्या दिवशी नानांच्या घरी गेलो. नाना खाली पार्किंगमध्ये कुणाला तरी अडवून होते. काकू ओट्याशी चहा टाकत होत्या. मी म्हटलं, "काकू, शेवटी पाहिला बुवा तो 'धुंद'. काय हो, कोर्टात शेवटी ती..."

काकूंनी हातातली गाळणी टाकली आणि दोन्ही कान दाबून धरले. "गप! एक शब्द बोलू नकोस!"

गाळणी ओट्याखाली घरंगळत गेली. मी ती उचलून दिली. काकूंनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मनमाडला?" मी विचारलं.

"मनमाडला 'जय संतोषी माँ' लागला होता," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या तोंडाला काहीतरी बूच हवं होतं रे. तेव्हा पहिल्यांदा सहज म्हटलं, 'सांगू का?' तर एकदम गप्प बसले. मग कसं सोडवेल?"

"आणि तुम्हीही तेव्हापासून..."

"मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते ना त्या दिवशी. वीज काय एकट्या ह्यांची गेली होती?"

जिन्यात चपला वाजल्या. नाना आत आले, टेबलाशी माझ्यासमोर बसले, सुपारी डावीकडून उजवीकडे नेली. "अरे, काल एक मल्याळम पाहिला. सबटायटल होती. पोलीस स्टेशनात सुरू होतो, आणि त्यातला तो जो हवालदार..."

"सांगू का?" काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या.

नाना थांबले. बशीत चहा ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला आणि समाधानाने माझ्याकडे बघून हसले. मी टेबलाखालचे पाय हळूच आखडून घेतले.